ओढ्याअलीकडचे डास, ओढ्यापलीकडचे डास : आटपाडी तालुक्यातील एका डेंग्यूच्या साथीचा अभ्यास

सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. आटपाडी, खानापूर, कवठे महांकाळ आणि जत या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या पाणी जपून वापरले गेले. टेंभू योजनेचे पाणी अनेक शिवारांत पोहोचले, तरी घरात पाणी साठवून ठेवण्याची रीत गेलेली नाही, कारण नळाला रोज पाणी येईलच याची खात्री नसते. दारात दोनशे लिटरचे प्लास्टिकचे बॅरल, माजघरात रांजण, परसात सिमेंटचा हौद आणि छतावर टाकी अशी चार ठिकाणी पाण्याची सोय असलेले घर येथे नवलाचे नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती या डासाला पिल्लावळ वाढवण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही.

प्रस्तुत अभ्यास आटपाडी तालुक्यातील एका गावातल्या डेंग्यूच्या साथीचा आहे. गावाचे आणि माणसांचे नाव जाणीवपूर्वक दिलेले नाही. साथ आकाराने लहान होती आणि आटोक्यातही आली. तरीही ती सविस्तर मांडावीशी वाटते, कारण त्या निमित्ताने गावात एक प्रश्न विचारला गेला आणि तो प्रश्न जगभरच्या कीटकशास्त्रज्ञांनी गेली काही दशके प्रयोगशाळेत मांडलेल्या प्रश्नाशी थेट जुळणारा होता : एकाच जातीचे सगळे डास विषाणू सारखाच वाढू देतात का?

घटनाक्रम

गावाचे दोन भाग आहेत. जुने गावठाण ओढ्याच्या अलीकडे आहे आणि ओढा ओलांडून शेतांमधून दीडेक किलोमीटर गेल्यावर एक मोठी वस्ती लागते. या भागातली पुष्कळ कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभरातल्या शहरांत विखुरलेली आहेत आणि सणावाराला गावी येतात. गौरी-गणपतीला दक्षिणेतल्या एका शहरातून असेच एक कुटुंब गावठाणातल्या घरी आले. कर्त्या पुरुषाला प्रवासातच ताप भरला होता. डोळ्यांच्या मागे ठणका, अंगदुखी आणि चौथ्या-पाचव्या दिवशी अंगावर पुरळ असा त्याचा क्रम होता. तो आठवड्यात बरा झाला. रक्ताची तपासणी झाली नाही.

त्यानंतर अडीच-तीन आठवड्यांनी, पितृपक्ष संपत असताना, त्याच गल्लीतल्या घरांत एकापाठोपाठ एक माणसे तापाने पडू लागली. प्राथमिक आरोग्य केंद्राने रक्तजल नमुने पाठवले आणि त्यांतल्या काहींत डेंग्यूचे एनएस१ प्रतिजन, म्हणजे विषाणूचेच एक प्रथिन, सापडले. आरोग्य सेवक आणि आशाताईंनी घरोघर पाण्याच्या साठ्यांची पाहणी केली. गावठाणात अळ्या सापडल्या, यात आश्चर्य नव्हते. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरही जवळजवळ तितक्याच प्रमाणात अळ्या सापडल्या, पण तेथे तापाचा एकही रुग्ण नव्हता.

नवरात्रात भरलेल्या ग्रामसभेत आरोग्य केंद्राने सगळे बॅरल आणि हौद रिकामे करून घासून घेण्याची सूचना मांडली. तेव्हा वस्तीवरचे एक ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, उठून म्हणाले, "मॅडम, अळ्या आमच्यातबी हायत. मग ताप का न्हाय? त्यांचा डास येगळा, आमचा येगळा. आमच्या डासात त्यो रोग धरतच न्हाय." वस्तीवरच्याच एका विज्ञान पदवीधर तरुणाने त्यांना दुजोरा दिला. डासाच्या जनुकांवर विषाणूची वाढ अवलंबून असते, हे त्याने वाचले होते. वस्तीला टँकरचे पाणी विकत घ्यावे लागत होते आणि भरलेले बॅरल ओतून देणे म्हणजे पैसे ओतून देणे होते. त्यामुळे हा मुद्दा केवळ तात्त्विक नव्हता.

तात्यांचे म्हणणे सभेत काहींनी हसण्यावारी नेले. माझ्या मते ते तसे नेण्याजोगे नव्हते. त्यांनी एक निरीक्षण नोंदवले होते, त्यातून एक अनुमान काढले होते आणि ते अनुमान जीवशास्त्राच्या दृष्टीने शक्य कोटीतले होते. ते या ठिकाणी खरे होते की नाही, एवढाच प्रश्न होता.

डासाच्या शरीरातला प्रवास

डेंग्यूच्या रुग्णाला डास चावला, रक्तासोबत विषाणू त्याच्या पोटात गेला आणि पुढच्या माणसाला चावताना तोच बाहेर पडला, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात डास विषाणू नुसता वाहून नेत नाही. विषाणूला त्याच्या शरीरात संसर्ग करावा लागतो, तेथे स्वतःच्या प्रती तयार कराव्या लागतात आणि ते न जमल्यास त्याचा प्रवास तेथेच संपतो.

डेंग्यूचा विषाणू म्हणजे सुमारे १०,७०० घटकांची आरएनएची एक साखळी. तिच्यावर अवघ्या १० प्रथिनांची माहिती असते. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर कोणताही विषाणू स्वतःची प्रत काढू शकत नाही. पेशीत शिरण्यापासून बाहेर पडण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर त्याला यजमानाच्या प्रथिनांची मदत घ्यावी लागते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात फळमाशीच्या पेशींमधली जनुके एकेक करून बंद करून पाहिली गेली, तेव्हा डेंग्यूच्या वाढीला लागणारी ११६ संभाव्य जनुके हाती आली आणि त्यांतल्या अनेकांची भावंडे माणसातही आहेत असे दिसले. डासाची काही जनुके अशा रीतीने नकळत विषाणूचे काम करतात, तर काही त्याला अडवतात. या दोहोंच्या ओढाताणीवर विषाणूची वाढ ठरते.

पहिला अडथळा मध्यांत्राचा, म्हणजे डासाच्या पोटाच्या आतल्या अस्तराचा असतो. रक्त पचून जाण्यापूर्वी विषाणूला या अस्तराच्या पेशींत शिरून तेथे वाढावे लागते. दुसरा अडथळा त्या पेशींतून शरीरपोकळीत उतरण्याचा. काही डासांत विषाणू मध्यांत्रात भरपूर वाढतो, पण तेथेच अडकून पडतो. शरीरपोकळीत उतरलेला विषाणू मेदपिंडात आणि इतर ऊतींत वाढत लाळग्रंथींपर्यंत पोहोचतो, त्या ग्रंथींत शिरतो आणि अखेरीस लाळेत उतरतो. यांतला प्रत्येक टप्पा पार झाला तरच डास रोग पसरवू शकतो. २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाला या सगळ्या प्रवासाला साधारण ८ ते १२ दिवस लागतात आणि एकदा लाळेत विषाणू उतरला की ती मादी मरेपर्यंत संसर्गजन्य राहते.

जनुके नेमके काय करतात

एडिस इजिप्तीचा जनुकसंच २००७ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि २०१८ साली त्याची बरीच सुधारलेली आवृत्ती आली. तीन गुणसूत्रांच्या जोड्यांत मावणारा हा जनुकसंच सुमारे १२८ कोटी अक्षरांचा आहे. पण जनुकसंच वाचून होण्याच्या आधीच, २००० साली, साध्या संकरांच्या मदतीने एक महत्त्वाची गोष्ट दाखवून झाली होती. डेंग्यू सहज स्वीकारणाऱ्या आणि न स्वीकारणाऱ्या डासांच्या वंशांचा संकर करून त्यांची संतती तपासली असता, मध्यांत्रातला संसर्ग आणि तेथून बाहेर पडणे या गुणांशी जोडलेल्या जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या गुणसूत्रांवर सापडल्या. रोग 'धरणारे' आणि 'न धरणारे' असे एकाच जनुकाने पाडलेले दोन गट नव्हते. उंची किंवा दुधाचे प्रमाण जसे अनेक जनुकांच्या बेरजेने ठरते, तसा हा गुण ठरत होता.

या जनुकांपैकी सर्वाधिक अभ्यास आरएनए हस्तक्षेपाच्या यंत्रणेचा झाला आहे. विषाणू स्वतःची प्रत काढताना काही काळ दुहेरी आरएनए तयार होतो. डासाच्या पेशीत डायसर-२ नावाचे प्रथिन असते. ते असा दुहेरी धागा ओळखून त्याचे २१ घटकांचे तुकडे करते. हे तुकडे आर्गोनॉट-२ या दुसऱ्या प्रथिनाकडे सुपूर्द होतात आणि त्यांच्या आधारे ते विषाणूच्या आरएनएची नेमकी ओळख पटवून तो कापून टाकते. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एडिस इजिप्तीतले डायसर-२ दाबून पाहिले, तेव्हा डेंग्यूची वाढ जोमाने झाली आणि, प्रस्तुत प्रकरणाच्या दृष्टीने याचेच महत्त्व अधिक आहे, विषाणू लाळेत उतरायला लागणारा काळ कमी झाला.

मग ही यंत्रणा असताना डासाला डेंग्यू होतोच कसा? ब्राझीलमधील संशोधकांच्या गटाने २०१८ साली याचे एक सुंदर उत्तर दिले. लॉक्स-२ हे एडिस कुळातल्या डासांत आढळणारे जनुक या यंत्रणेला साहाय्य करते, पण ते मध्यांत्रात चालूच नसते. म्हणजे ज्या दारातून विषाणू आत येतो, नेमक्या त्याच दाराशी पहारा ढिला. संशोधकांनी हे जनुक मध्यांत्रातही चालू होईल असे डास तयार केले, तेव्हा डेंग्यूची वाढ तेथेच रोखली गेली. जनुक अंगात असणे आणि ते योग्य ऊतीत, योग्य वेळी चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून लक्षात येते.

दुसरी फळी टोल आणि जॅक-स्टॅट या, प्रतिकाराचा इशारा पेशीत पोहोचवणाऱ्या संदेशमार्गांची. कॅक्टस नावाचे प्रथिन टोल मार्गाला एरवी लगाम घालून ठेवते. २००८ साली हा लगाम काढून पाहिला असता डासातला डेंग्यू कमी झाला. जॅक-स्टॅट मार्गाबाबतही पुढच्याच वर्षी तसेच दिसून आले. येथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. २०१७ साली जॅक-स्टॅट मार्ग अधिक जोमाने चालेल असे जनुकबदल केलेले डास तपासले गेले. त्यांच्यात डेंग्यू कमी वाढला, पण झिका आणि चिकुनगुन्या यांच्यावर काहीही परिणाम झाला नाही. एका विषाणूला अडवणारा डास दुसऱ्याला अडवीलच असे नाही. इतकेच काय, थायलंडमधील डासांवर झालेल्या अभ्यासांत डेंग्यूच्या एका वाणाला दाद न देणारे डास दुसऱ्या वाणाला सहज बळी पडताना दिसले आहेत.

डासाच्या प्रतिकाराबद्दल बोलताना तो माणसाच्या बाजूने आहे असे आपण नकळत गृहीत धरतो. ते तसे नाही. सिंडबिस या विषाणूत संशोधकांनी आरएनए हस्तक्षेप मोडून काढणारे एक परके प्रथिन घातले, तेव्हा तो विषाणू डासांत बेसुमार वाढला आणि डास मोठ्या संख्येने मेले. विषाणू एरवी डासाला फारसा त्रास न देता महिनाभर अंगात राहू शकतो, तो याच यंत्रणेने त्याला आवरून धरल्यामुळे. प्रतिकारामुळे डास जिवंत राहतो आणि रोग पसरवायला विषाणूला नेमका जिवंत डासच हवा असतो. म्हणून 'प्रतिकारक्षम डास' या शब्दप्रयोगावर फार विसंबू नये. विषाणू कमी असूनही लाळेपर्यंत पोहोचला, तर तो डास माणसासाठी घातकच असतो.

तफावत किती असू शकते

तात्यांच्या बाजूने जे सांगता येते, ते पूर्ण सांगायला हवे. मेक्सिको आणि अमेरिकेतल्या २४ ठिकाणांहून गोळा केलेल्या एडिस इजिप्तीच्या डासांना डेंग्यूचा एकच वाण एकाच पद्धतीने देऊन पाहिला गेला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काही ठिकाणच्या डासांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्यात विषाणू शरीरभर पसरला, तर काही ठिकाणच्या डासांत हे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्याही वर गेले. जात एक, विषाणू एक आणि तरीही एवढा फरक. २०२० साली आफ्रिकेतल्या मूळच्या रानवट डासांची जगभर पसरलेल्या वाणाशी तुलना झाली, तेव्हा आफ्रिकी डासांत झिकाची लागण बरीच कमी होते असे आढळले आणि या फरकाचा संबंध दुसऱ्या गुणसूत्रावरील भागाशी जोडता आला.

साथीच्या हिशेबात सर्वांत नाजूक आकडा असतो तो डासातल्या उबवणकाळाचा, म्हणजे रुग्णाला चावल्यापासून विषाणू डासाच्या लाळेत उतरेपर्यंतच्या दिवसांचा. समजा, डासांपैकी ८५ टक्के एका दिवसातून दुसऱ्या दिवसात जिवंत पोहोचतात. रुग्णाला चावलेल्या १०० माद्यांपैकी दहाव्या दिवशी सुमारे २० उरतील, सातव्या दिवशी सुमारे ३२. म्हणजे विषाणू दहाऐवजी सात दिवसांत लाळेत उतरला, तर अळ्यांची संख्या आणि चावण्याचे प्रमाण तेच असूनही रोग पसरवणाऱ्या माद्या दीडपटीहून अधिक होतात. अळ्या मोजणाऱ्या कोणत्याही निर्देशांकात हा फरक दिसत नाही. दोन वस्त्यांचा ब्रेटो निर्देशांक (शंभर घरांमागे अळ्या सापडलेल्या भांड्यांची संख्या) सारखा आणि साथ मात्र एकीतच, हे म्हणूनच तत्त्वतः शक्य आहे.

याचा उलट पुरावाही उपलब्ध आहे. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात वोल्बाखिया जिवाणू अंगात असलेले एडिस डास सोडण्यात आले. हा जिवाणू डासाचे जनुक नव्हे, पण तो आईकडून अंड्यात उतरत पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि डासाच्या पेशींत विषाणूची वाढ रोखतो. २०२१ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी झाले. डासांची संख्या घटवणे हा तेथील उद्देशच नव्हता. त्यांच्या पोटातली परिस्थिती बदलली होती. भारतातही पुदुच्चेरी येथील आयसीएमआरच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने असे वंश तयार केले आहेत.

वस्तीवरच्या दाव्याची तपासणी

आता प्रश्न असा, की दीडेक किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी जनुकांचा असा फरक टिकू शकतो का? एडिस इजिप्ती स्वतःच्या पंखांनी फार लांब जात नाही. बहुतेक माद्या जन्मल्या त्या घराच्या आसपासच्या शे-दोनशे मीटरांतच आयुष्य काढतात. एवढ्यावर थांबले तर ओढा ही मोठी सीमा ठरते. पण या डासाची अंडी भांड्याच्या काठावर चिकटून कोरड्यात कित्येक महिने तग धरतात आणि भांडी माणसे हलवतात. वस्तीवरच्या एका घरातले निळे बॅरल मी निरखून पाहिले. पाण्याच्या रेषेच्या बोटभर वर, आतल्या बाजूला, काळ्या मोहरीहून बारीक ठिपक्यांचा पट्टा होता. ती अंडी होती. हे बॅरल आदल्या उन्हाळ्यात गावठाणातल्या भावाकडून आणले होते, असे घरातल्या काकूंनी सांगितले. एकाच टँकरचे फेरे दोन्हीकडे होत होते, लग्नकार्याला पाण्याची पिंपे इकडून तिकडे जात होती. अशा देवघेवीत दोन वेगळे जनुकीय वंश ओढ्याच्या दोन काठांवर शुद्ध राहणे जवळपास अशक्य आहे. या डासांत जनुकीय फरक असणारच, पण तो एकाच हौदातल्या दोन कुटुंबांतही असतो. ओढ्याने तो वाटून दिला आहे असे मानायला आधार नव्हता.

दुसरे, विषाणू वस्तीवर पोहोचला होता का, हेच कोणी पाहिले नव्हते. गलाईवाल्यांचे घर गावठाणात. ताप असताना ते घराबाहेर पडले नाहीत. त्यांना चावलेल्या माद्यांना उबवणकाळ लागला ८ ते १२ दिवसांचा, त्यानंतर नव्या माणसात ताप उमटायला साधारण ४ ते १० दिवस. दोन्हींची बेरीज अडीच-तीन आठवड्यांशी बरोबर जुळते. म्हणजे गावठाणातली पहिली फेरी नियमाप्रमाणे घडली होती, वस्तीवर मात्र फेरी सुरू होण्याचे कारणच अजून घडलेले नव्हते. डासाची परीक्षा झालेलीच नसताना त्याला उत्तीर्ण ठरवले गेले होते.

ही परीक्षा पुढे आपोआप झाली. दसरा उलटल्यावर वस्तीवरच्या दोन शाळकरी मुलांना ताप आला आणि दोघांच्याही रक्तात एनएस१ सापडले. तात्यांच्या बाजूने लगेच सांगितले गेले, की मुले गावठाणातल्या शाळेत जातात आणि त्यांना तेथेच डास चावले असणार. हा आक्षेप योग्य होता, कारण एडिस दिवसा चावतो आणि मुलांचा दिवस शाळेत जातो. परंतु दिवाळी संपता संपता त्यांतल्याच एका मुलाच्या आजीला ताप आला आणि त्यांचाही नमुना सकारात्मक निघाला. मांडीचे हाड मोडल्यापासून आजी अंथरुणाला खिळून होत्या, कित्येक महिने घराबाहेर गेल्या नव्हत्या. त्यांना चावलेला डास वस्तीवरचाच होता. नातवाच्या तापापासून आजीच्या तापापर्यंतचे अंतर पुन्हा तीनेक आठवड्यांचे होते. वस्तीवरच्या डासात रोग धरतो, हे एवढ्या एका रुग्णावरून सिद्ध झाले. तो किती प्रमाणात आणि किती वेगाने धरतो, हे अर्थातच एका रुग्णावरून ठरत नाही.

वस्तीवर रुग्ण कमी राहिले, हेही खरे आहे. त्याची साधी कारणे पुरेशी होती. विषाणू तेथे उशिरा पोहोचला, घरे विखुरलेली होती आणि दिवाळीनंतर रात्री थंडावल्या. तापमान उतरले की उबवणकाळ लांबतो. शिवाय २०११ साली दाखवले गेले आहे, की सरासरी तापमान तेच असले तरी दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत असल्यास एडिसमध्ये डेंग्यूची लागण कमी होते. आटपाडी भागात हिवाळ्याच्या तोंडाला दुपार तापते आणि पहाटे चादर पुरत नाही. म्हणजे डासाची जनुके तीच राहतात, पण ती ज्या हवेत काम करतात ती बदलते.

याच संदर्भात पुण्यात झालेल्या दोन कामांचा उल्लेख आवश्यक वाटतो, कारण जनुकांवर सगळे ढकलण्याच्या मोहाला ती आवर घालतात. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी २००४ साली दाखवले, की अळी अवस्थेत बसलेल्या उष्णतेच्या ताणाचा परिणाम पुढे प्रौढ डासाच्या चिकुनगुन्या स्वीकारण्याच्या क्षमतेवर होतो. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवले, की सेराशिया ओडोरिफेरा हा जिवाणू एडिस इजिप्तीच्या मध्यांत्रात असल्यास डेंग्यू-२ची लागण वाढते. उन्हात तापणारे बॅरल आणि सावलीतला रांजण, विहिरीचे पाणी आणि टँकरचे पाणी यांतून निघणारे डास जनुकांनी सख्खी भावंडे असूनही विषाणूशी वेगळे वागू शकतात. दोन वस्त्यांत खरोखर काही फरक असलाच, तर तो प्रथम येथे शोधावा, असे माझे मत आहे.

जनुकांचा प्रश्न रीतसर विचारायचा तर

तरुणाचा प्रश्न मात्र येथे संपत नाही आणि संपूही नये. गावात डास पकडून त्यांच्यात विषाणू शोधणे हे त्याचे उत्तर नव्हे. आम्ही कपाटामागच्या आणि खुंटीला टांगलेल्या कपड्यांमागच्या अंधारातून शोषनळीने माद्या गोळा केल्या, तेव्हा त्याने विचारले, की यांच्यात विषाणू सापडला म्हणजे झाले का? नाही. नुकतेच रुग्णाचे रक्त प्यालेल्या मादीच्या पोटात विषाणू सापडणारच. तो तिच्या पेशींत वाढला, की केवळ न पचलेल्या रक्तात आहे, हे कळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत पाय आणि डोके धडापासून वेगळे करून तपासतात. पायांत विषाणू असेल तर तो मध्यांत्र ओलांडून शरीरभर पसरलेला असतो. लाळ स्वतंत्रपणे काचेच्या केशनलिकेत गोळा करून तपासली जाते.

तुलनाही थेट पकडलेल्या डासांची करून चालत नाही. दोन्ही ठिकाणी अंडीसापळे लावावेत, म्हणजे काळ्या डब्यात पाणी आणि आत कडेला खरखरीत कागदाची पट्टी ठेवावी. पट्टीवरची अंडी वाळवून सुरक्षित प्रयोगशाळेत पाठवता येतात. तेथे दोन्हीकडची पिल्ले एकाच पाण्यात, एकाच तापमानात आणि एकाच खाद्यावर वाढवून प्रौढ माद्यांना विषाणूयुक्त रक्त कृत्रिम पडद्यातून पाजावे. सातव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी किती माद्यांच्या पायांत आणि लाळेत विषाणू पोहोचला हे मोजावे. वाढवण्याची परिस्थिती सारखी ठेवूनही फरक उरला, तरच तो जनुकांकडे बोट दाखवतो. मग डायसर-२सारख्या जनुकांची रूपे वाचण्यात अर्थ आहे. याच क्रमाने जाण्याचा आग्रह धरावासा वाटतो, कारण उलट्या क्रमाने गेल्यास कोणत्याही दोन डासांत काही ना काही जनुकीय फरक सापडतोच आणि त्यालाच कारण समजण्याची चूक होते. हे काम विषाणू हाताळण्याची परवानगी आणि सोय असलेल्या संस्थेतच होऊ शकते. गावपातळीवर अंडीसापळे लावणे आणि पट्ट्यांवर जागा व तारीख लिहून ठेवणे मात्र कोणत्याही महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला जमण्यासारखे आहे आणि त्या तरुणाने ती जबाबदारी स्वतःहून घेतली.

गावाने काय ठरवले

आजींच्या नमुन्याचा निकाल आल्यानंतर आरोग्य केंद्राने वस्तीवर वेगळी बैठक घेतली. तात्या तेथे होते. त्यांनी एवढेच विचारले, "मग डास बघून ठरवायचं, का पाणी बघून?" उत्तर पाण्याच्या बाजूचे होते. एखाद्या वस्तीवरचा डास आज एका विषाणूला कमी दाद देत असेल, तरी चिकुनगुन्याला किंवा डेंग्यूच्या दुसऱ्या वाणाला तो तशीच कमी दाद देईल, असे गृहीत धरता येत नाही. महाराष्ट्राने बार्शीत १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ पाहिली आहे आणि २०२१ साली पुणे जिल्ह्यातल्या बेलसरला झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण सापडला. गलाईच्या निमित्ताने ज्या गावाची माणसे देशभर ये-जा करतात, तेथे यांतला कोणताही विषाणू येऊ शकतो.

भरलेले बॅरल ओतण्याची सूचना मात्र बदलण्यात आली आणि ती बदलणे योग्यच होते. कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून घासण्याचा दिवस, टँकरच्या फेऱ्यांशी जोडण्यात आला : टँकर येण्याच्या आदल्या संध्याकाळी, पाणी तळाला गेलेले असताना, बॅरल पालथे करून आतली कड काथ्याने घासायची, म्हणजे चिकटलेली अंडी निघून जातील, आणि ते घासलेले पाणी गटारात न टाकता कोरड्या मातीवर ओतायचे. भरल्यावर तोंडावर जुन्या सुती साडीचा दुपदरी तुकडा दोरीने आवळून बांधायचा. जे हौद रिकामे करता येत नाहीत, त्यांत गप्पी मासे सोडायचे. बाहेरगावाहून ताप घेऊन आलेल्या माणसाने पहिला आठवडा दिवसाही मच्छरदाणीत झोपावे आणि त्याच दिवशी आशाताईंना कळवावे, हा मुद्दा तात्यांनीच सुचवला आणि तो ठरावात घेतला गेला.

अंडीसापळ्यांसाठी गावठाणातली सहा आणि वस्तीवरची सहा घरे निवडली आहेत. ज्या घरातून निळे बॅरल आले होते ते गावठाणातले आणि ते जेथे गेले ते वस्तीवरचे, अशी दोन्ही घरे त्यांत आहेत. पहिल्या पट्ट्या पुढच्या वळवाच्या पावसानंतर लावल्या जातील.